गैरहजेरीचा अभ्यास : मस्टरपासून मुलाखतीपर्यंत

कारखान्यात माणसं कशी वागतात हे अभ्यासायला गैरहजेरीइतका सोयीचा विषय नाही. तिची नोंद रोज होते, बारा महिने होते, आणि कुणी अभ्यासासाठी म्हणून ती केलेली नसते. तरीही एमबीएच्या प्रोजेक्टांत आणि एचआरच्या फायलींत याच विषयाचं सर्वांत जास्त मातेरं झालेलं दिसतं. सुरुवातच 'कामगार दांड्या का मारतात?' या प्रश्नाने होते. शंभर प्रश्नावल्या वाटतात, त्यातून 'आजारपण, घरगुती कारणं, इतर' असा पाय-चार्ट निघतो. कंपनीचं नाव झाकलं तर तो चार्ट भोसरीचा की वाळूजचा, हे ओळखता येत नाही.

'का' हा शेवटी विचारायचा प्रश्न. त्याआधी किती, कोणत्या दिवशी, कुठल्या पाळीत, कुणाच्या हाताखाली, आणि एक माणूस आला नाही की बाकीच्यांचं काय होतं, हे कळायला हवं. पुढची पद्धत शंभर ते दोनशे माणसांच्या, तीन पाळ्यांत चालणाऱ्या मशीन शॉपसाठी आहे. दोन माणसं आणि आठ आठवडे धरा: दोन आठवडे मस्टरवर (हजेरीपटावर), दोन शॉप फ्लोअरवर, दोन मुलाखतींना, उरलेले दोन लिहायला. शेवटी बदल करून पाहायचा असेल तर त्याचा वेळ वेगळा.

आधी व्याख्या, मग आकडा

गैरहजेरीचा दर म्हणजे बुडालेले मनुष्यदिवस भागिले अपेक्षित मनुष्यदिवस, गुणिले शंभर. १२० कामगार, महिन्याचे २६ कामाचे दिवस, म्हणजे ३,१२० मनुष्यदिवस अपेक्षित. २८१ बुडाले तर दर ९ टक्के. इथवर सोपं आहे. भांडण होतं ते 'बुडालेले' म्हणजे कोणते यावरून. संप, टाळेबंदी, ले-ऑफ (काम नाही म्हणून घरी बसवणं) आणि साप्ताहिक सुट्टीचे दिवस दोन्ही बाजूंनी वगळा. मंजूर रजेचं मात्र आधी ठरवा. कामगारांच्या वागणुकीचा अभ्यास असेल तर आधी मंजूर करून घेतलेली रजा वेगळ्या रकान्यात ठेवा. मनुष्यबळाचं नियोजन करायचं असेल तर ती मोजा. काय ठरवलं ते पहिल्या पानावर लिहा. मागच्या वर्षीचा दर ६ आणि यंदाचा ९ असं दिसतं तेव्हा पुष्कळदा माणसं तीच असतात, मोजणारा कारकून बदललेला असतो.

आकडा फुगवणाऱ्या आणि दडवणाऱ्या तीन जागा हमखास सापडतात.

पहिली, न सांगता नोकरी सोडून गेलेला माणूस. त्याचं नाव कमी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तोवर मस्टरवर रोज 'ए' पडत राहतो. शेवटच्या हजेरीनंतर तो पुन्हा आलाच नसेल तर ते दिवस गैरहजेरीतून काढून गळतीत टाका. सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे अशा ठिकाणी एवढ्यानेच दर एक-दोन टक्क्यांनी खाली येऊ शकतो.

दुसरी, कंत्राटी कामगार. ठेकेदाराचा एक माणूस आला नाही तर तो दुसरा पाठवतो, त्यामुळे कागदावर हजेरी शंभर टक्के. तिथे गैरहजेरी मोजण्यात अर्थ नसतो. त्याऐवजी १ तारखेला जे गेटपास चालू होते त्यांतले ३० तारखेला किती उरले ते मोजा. मुंबईच्या गिरणगावात बदली कामगारांची, म्हणजे न आलेल्याच्या जागी रोज घेतल्या जाणाऱ्यांची, जी व्यवस्था होती तिचंच हे आजचं रूप आहे. तेव्हा कुणाला आत घ्यायचं हे जॉबर (माणसं भरणारा मुकादम) ठरवायचा, आता ठेकेदाराचा सुपरवायझर ठरवतो.

तिसरी, मस्टर आणि बायोमेट्रिक यांतली तफावत. कुठलाही एक आठवडा निवडा आणि दोन्ही ओळ-ओळ जुळवा. पंच नाही पण मस्टरवर हजेरी आहे, अशा नोंदी एकाच सुपरवायझरच्या पाळीत गोळा झालेल्या दिसल्या तर थांबा आणि आरोप करू नका. कधी मशीनने बोट घेतलेलं नसतं. ग्राइंडिंगवर आणि कूलंटमध्ये काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजतात. कधी 'उशीर होतोय, फोन कर, मी सांभाळतो' असा ठराव असतो. पुढच्या मुलाखतींसाठी ही सगळ्यात मोलाची माहिती. ती टाइम ऑफिसला (हजेरी ठेवणाऱ्या कचेरीला) कळवून घालवू नका.

तक्ता माणसागणिक नको, खेपेगणिक

एक्सेलमध्ये एका माणसाला एक ओळ देण्याची सवय मोडा. गैरहजेरीच्या प्रत्येक खेपेला, म्हणजे एका सलग गैरहजेरीला, एक ओळ द्या. रकाने एवढे पुरेत: सांकेतिक क्रमांक, विभाग, पाळी, सुपरवायझर, खेप सुरू झाल्याची तारीख आणि वार, एकूण दिवस, आधी कळवलं का, मस्टरवरचं कारण, नोकरीची वर्षं, आणि कंपनीच्या बसने येतो की स्वतःच्या गाडीने. मध्ये सुट्टी आली तरी खेप तुटत नाही. बुधवारी आला नाही, गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, शुक्रवारीही आला नाही, तर खेप एक, दिवस दोन. पूर्ण बारा महिन्यांचा डेटा घ्या. सहा महिन्यांत अर्धे सण आणि अर्धी शेती सुटते.

नावांची आणि सांकेतिक क्रमांकांची यादी वेगळ्या फाइलमध्ये, एकाच माणसाकडे. आजारपणाची माहिती यात येते, त्यामुळे ही फाइल मेलवर फिरता कामा नये.

खेपा मोजल्याने काय दिसतं ते पाहा. दोन विभाग, दोन्हींत २० माणसं, महिन्याचे ५२० मनुष्यदिवस, दोन्हींत ४७ दिवस बुडाले, दर ९ टक्के. पहिल्यात एकजण अपघाताने २० दिवस घरी, दुसरा काविळीने १८ दिवस, आणि उरलेले ९ दिवस सहा खेपांत. दुसऱ्यात ४७ दिवस ४१ खेपांत. पहिल्या विभागात अभ्यासायला फारसं काही नाही, तिथे डॉक्टर आणि सेफ्टी ऑफिसर लागतो. दुसऱ्यात जवळजवळ रोज सकाळी दोन माणसं कमी असतात आणि कोण ते आदल्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. सुपरवायझरचं रक्त आटतं ते इथे. मासिक अहवालात मात्र दोन्हींपुढे ९ टक्के.

खेपांना जास्त वजन देण्यासाठी ब्रॅडफर्ड गुणांक वापरतात: ५२ आठवड्यांतल्या खेपांच्या संख्येचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. सलग १० दिवस गैरहजर माणसाचा गुणांक १ × १० = १०. सुटे दहा दिवस गैरहजर राहणाऱ्याचा १०० × १० = १,०००. विभागांची तुलना करायला हे साधन बरं आहे. एकेका माणसावर लावून मेमो काढायला अगदी वाईट, कारण अर्धशिशी असलेला, डायलिसिसला जाणारा, आजारी मूल सांभाळणारी हे सगळे गुणांकात वर येतात आणि टायफॉइडचा खोटा दाखला आणून महिनाभर शेती करणारा तळाशी राहतो.

वार, तारखा आणि पंचांग

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मुलांची शाळा आणि गावाकडची लग्नं मात्र रविवार धरतात. त्यामुळे 'सोमवारची दांडी' हे पुस्तकातलं चित्र इथे शोधू नका. तुमच्याकडचा नकोसा वार कोणता ते तक्त्यातून काढा.

सुट्टीला जोडून खाडे होतात, असं प्रत्येक मॅनेजर छातीठोकपणे सांगतो. तपासायला दोन मिनिटं लागतात. सहा दिवसांच्या आठवड्यात दोन दिवस सुट्टीला लागून असतात, म्हणजे एका दिवसाच्या खेपांपैकी एक तृतीयांश योगायोगानेच तिथे पडणार. अशा २०० खेपा असतील तर ६७ अपेक्षित. ५४ ते ८० च्या दरम्यान काहीही आलं तरी ते नशिबाचे चढउतार समजा. ९५ आल्या तर बोलायला जागा आहे. ७० आल्या तर मॅनेजरसाहेबांचा सिद्धांत तिथेच संपला.

मग एका लांब कागदावर वर्षाचे दिवस आडवे मांडा आणि रोजचे खाडे उभे. त्यावर पगाराचा दिवस, पेरणीचा जून, गावोगावच्या चैत्रातल्या जत्रा, लग्नाच्या तिथी, गणपती, दिवाळी, छठ, होळी खुणा करून टाका. आळंदी-देहूच्या आसपासच्या कारखान्यांत पालखी निघते ते दिवसही. कोकणातली माणसं, मराठवाड्यातली माणसं आणि बिहारची माणसं यांचे खाडे वेगवेगळ्या आठवड्यांत उसळतात. सगळे एकत्र केले तर सपाट रेघ दिसते आणि अभ्यास करणारा लिहून मोकळा होतो की सणांचा परिणाम नाही.

सुपरवायझरनिहाय तुलना करताना हात आखडता घ्या. १२ माणसांच्या गटाचे महिन्याचे ३१२ मनुष्यदिवस होतात. एकाला १५ दिवस टायफॉइड झाला की दर जवळजवळ ५ टक्क्यांनी चढतो. म्हणून वर्षभराच्या खेपा घ्या, १५ किंवा त्याहून जास्त दिवसांच्या खेपा बाजूला काढा, आणि शेजारी त्याच गटाची गळती मांडा. गैरहजेरी कमी आणि गळती भरपूर असेल तर तो सुपरवायझर चांगला आहे असं नाही. त्याच्याकडे माणसं घाबरून येतात आणि संधी मिळताच जातात.

पाळीच्या सुरुवातीला उभं राहा

आता शॉप फ्लोअरवर. दहा पाळ्या निवडा, त्यात किमान तीन रात्रपाळ्या. पाळी सुरू होण्याआधी २० मिनिटं ते नंतर ४० मिनिटं एका जागी उभं राहायचं, एवढंच. पहिल्या दोन पाळ्यांच्या नोंदी फेकून द्या, कारण तोवर सगळे तुमच्याकडे बघत असतात. हातात छोटी वही ठेवा. टॅब घेऊन उभं राहिलात तर टाइम स्टडीवाला (कामाला लागणारा वेळ मोजणारा) आला असं समजून हात मंदावतात.

काय लिहायचं? कोण आलं नाही हे सुपरवायझरला कितव्या मिनिटाला कळलं. रिकाम्या मशीनवर कोणाला पाठवलं आणि त्याने काय तोंड केलं. ज्याला हलवलं त्याचा इन्सेंटिव्ह बुडतो का. हेल्परला मशीनवर बसवलं तर सेटिंग कोण करून देतं. आधीच्या पाळीतल्या कोणाला 'थांबतोस का?' असं विचारलं.

हा शेवटचा प्रश्न सोडू नका. कायद्याने ओव्हरटाइम (ओटी) दुप्पट दराने असतो. एकाच्या खाड्यातून दुसऱ्याचा ओटी निघतो आणि पुढच्या आठवड्यात त्याची फेड होते. खेपांच्या तक्त्याशेजारी ओटीचं रजिस्टर ठेवा आणि जोड्या शोधा: अमुक आला नाही की तमुक थांबतो, आणि उलटही. अशा दोन-तीन जोड्या दर महिन्याला दिसल्या तर तुम्ही ज्याला बेशिस्त म्हणत होता ती खरं तर व्यवस्था आहे. ती मोडली तर गैरहजेरी कमी होईल आणि घरात येणारा पैसाही, मग गळती वाढेल. (ओटी दुप्पट दराने मिळतच नसेल तर हा हिशेब जुळणार नाही, आणि मग अहवालात लिहायला वेगळाच मुद्दा आहे.)

गटाचे स्वतःचे नियम असतात हे शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ साली १४ पुरुषांच्या एका खोलीत नोंदलं गेलं: दिवसाला किती काम 'पुरे' हे त्यांनी आपसांत ठरवलेलं होतं आणि फार वेगाने करणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसायचा. खाड्यांचंही तसंच असतं. नायजेल निकल्सन आणि गॅरी जॉन्स यांनी १९८५ मध्ये याला गैरहजेरीची संस्कृती म्हटलं. महिन्यातून किती खाडे चालतात, कुणाचा खाडा माफ आणि कुणाचा खटकतो, हे प्रत्येक लाइनला माहीत असतं. ते शोधण्याची जागा म्हणजे परत आलेल्या माणसाचं स्वागत. कोणी टोमणा मारतं का, की 'काय रे, झालं का लग्न?' म्हणून चहा पुढे करतं?

मुलाखती

१८ ते २० माणसं पुरतात, पण निवड नीट हवी. वारंवार एक-एक दिवस बुडवणारे पाच, लांब खेपांचे पाच, वर्षात एकही खाडा नसलेले पाच. हे शेवटचे पाच जवळजवळ प्रत्येक अभ्यासात विसरले जातात, आणि तेच सांगतात की यायला नेमकं काय काय जमवावं लागतं. शिवाय तीन सुपरवायझर, टाइम ऑफिसातलं एक माणूस आणि कंपनीच्या बसचा ड्रायव्हर. पहिल्या पाळीची बस कोणत्या थांब्यावर किती मिनिटं थांबते हे त्याच्याइतकं कोणी सांगू शकत नाही, आणि बस चुकली की निम्म्या लोकांचा अख्खा दिवस जातो.

जागा एचआरची केबिन नको. कँटीनचा कोपरा, जेवणाची वेळ टाळून, अर्धा तास. वयाने मोठ्याला काका, बरोबरीच्याला दादा, बाईला ताई; एकेरी कुणालाच नाही. 'दांडी' हा शब्द तुमच्या तोंडून येता कामा नये, तो आरोप आहे. 'खाडा' चालतो, हिंदीभाषक कामगारांशी 'छुट्टी' किंवा 'नागा'. सुरुवातीलाच सांगा की मस्टर मी पाहिलेलं आहे, ही चौकशी नाही, नाव कुठे येणार नाही. रेकॉर्डिंग करू नका. तासाभरात आठवून लिहून काढा, त्याच्या शब्दांत.

'तुम्ही का येत नाही?' विचारलंत की 'तब्येत' हेच उत्तर येणार. त्याऐवजी शेवटच्या खाड्याचा दिवस मागा:

'मागच्या वेळी खाडा झाला त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं?'
'येणार नाही हे कधी ठरलं? कुणाला कळवलं? ते काय म्हणाले?'
'त्या दिवशी तुमचं मशीन कुणी चालवलं?'
'परत आलात तेव्हा पहिल्यांदा कोण बोललं, काय बोललं?'

'कधी ठरलं' यावर सगळा अभ्यास वळू शकतो. आठ दिवस आधी ठरलेलं असूनही कळवलं नव्हतं, असं वारंवार आलं तर पुढे विचारा की का नाही कळवलं. 'मागितली की देत नाहीत, मारली की चालून जाते' हे उत्तर मिळालं तर दोष रजा मंजूर करण्याच्या पद्धतीत आहे. मग मागच्या तीन महिन्यांचे रजेचे अर्ज काढा आणि किती नामंजूर झाले, किती उत्तराविना पडून राहिले ते मोजा.

'स्वतःचे खाडे किती?' हे तोंडी विचारून त्यावर विसंबू नका. माणूस आपले खाडे कमी आणि शेजाऱ्याचे जास्त धरतो. खोटं बोलतो म्हणून नव्हे, आठवतंच तसं. दाखला नाही म्हणजे आजार खोटा, हेही धरू नका. ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात) आजारपणाच्या नव्या खेपेतल्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता साधारणपणे मिळत नाही, मग एका दिवसाच्या तापासाठी दवाखान्याच्या रांगेत कोण उभं राहणार?

बदल करून पाहायचा असेल तर

१९४३ साली, युद्धकाळात, हार्वर्डच्या जॉन फॉक्स आणि जेरोम स्कॉट यांनी अमेरिकेतल्या धातुकामाच्या तीन कारखान्यांची हजेरी तपासली. काम सारखं, पण एका कारखान्यात गैरहजेरी बाकीच्यांहून स्पष्ट कमी. तिथे फोरमनना माणसं सांभाळण्याचं शिक्षण दिलेलं होतं, मजुरी गटाच्या कामावर होती, आणि कोणी कधी सुट्टी घ्यायची हे कामगारांशी बोलून ठरलेलं होतं. शेवटची गोष्ट कुठल्याही शॉपमध्ये फुकटात करता येते: लाइनवर फळा, त्यावर पुढचे चार आठवडे, रोज दोन जागा, ज्याला हवी त्याने नाव लिहायचं, वाद झाला तर लाइनने सोडवायचा.

एका वेळी एकच बदल, एकाच लाइनवर, १२ आठवडे. शेजारी तशीच एक लाइन हात न लावता ठेवलेली. सगळ्यात वाईट लाइन निवडू नका, ती आपोआपच थोडी सुधारते आणि श्रेय फळ्याला जातं. मे महिन्यात सुरू करू नका, जुलैत लग्नं संपल्यामुळे आलेली हजेरी तुमच्या खात्यावर पडेल. मध्येच माणसं बदलली तर तारखेसह लिहा. हॉथॉर्नमध्येच टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच मुलींवर, कामाच्या अटी बदलून उत्पादन किती बदलतं ते पाहण्याचा प्रयोग झाला; त्यांतल्या दोघींना १९२८ मध्ये बदललं होतं, आणि तो प्रयोग शिकवताना हीच गोष्ट हमखास गळते.

हजेरी बोनसचा मोह मॅनेजमेंटला पहिल्या बैठकीतच होतो. 'महिन्यात एकही खाडा नाही तर अमुक रुपये' अशी अट घातली की ४ तारखेला बोनस गमावलेल्या माणसाला उरलेला महिना यायला कारणच राहत नाही, आणि खेपा महिन्याच्या उत्तरार्धात साचतात. शिवाय ताप घेऊन माणसं मशीनवर उभी राहतात. बोनस द्यायचाच तर आठवड्याच्या हिशेबाने द्या.

अहवाल आठ पानांच्या वर जाऊ देऊ नका. पाचांहून कमी माणसांच्या गटाचा आकडा वेगळा छापू नका, कारण तीन वेल्डरांतला कोण ते सगळ्यांना कळतं. मॅनेजमेंटला देण्याआधी ज्या लाइनवर अभ्यास केला तिथे १५ मिनिटांत तोंडी सांगा. 'असं नाहीये साहेब' म्हणून कोणी हात वर केला तर ते वाक्य अहवालात घाला, आणि काम संपलं की नावं आणि क्रमांक जोडणारी फाइल पुसून टाका.